जुन्या कौलांचा रंग तैलरंगात कसा धरायचा?

कसबेकर
मंडळी, कसबा पेठेतल्या आमच्या गच्चीवरून खालचे चार-पाच वाडे दिसतात. मंगलोरी कौलं, मधेच गंजके पत्रे, उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेल्या विटा, निळी ताडपत्री, एका स्वयंपाकघरावर धुरकटलेलं काचेचं कौल. हे सगळं जसंच्या तसं रंगवायला घेतलंय, २४ बाय ३६ इंची कॅनव्हासवर. रेखाटन जमलं, रंगात घोडं अडलंय. नुसता बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी, लावला की कौलं कालच भट्टीतून काढलेली वाटतात, काळा मिसळला की चिखल. वाळल्या शेवाळाचा तो काळपट करडा येतच नाही. वाडे दिवाळीनंतर पाडणार म्हणतात, म्हणून घाई. फोटोवरून करा असं कृपया सांगू नका, फोटोत सावल्या काळ्या ठिक्कर येतात.

तैलबुद्धी
ट्यूबमधला काळा आधी डब्यात बंद करून ठेवा. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन निळा मिसळा. प्रमाण बदलत गेलात की तपकिरीपासून निळसर करड्यापर्यंत सगळं तिथेच मिळतं, किंचित पांढरा पडला की तुमचं शेवाळ.

आणि कौल लाल असतं हे डोक्यातून काढा. जाड पांढऱ्या कागदाला बोटभर भोक पाडून त्यातून उताराचा एकच तुकडा बघा. चारच्या उन्हात पश्चिमेचा उतार फिकट गेरू दिसेल, पूर्वेचा जांभळट; कारण तिथे ऊन नाही, नुसता आकाशाचा उजेड. हे दोन उतार आधी सपाट भरून घ्या. एकही कौल काढायचं नाही! ओळी अगदी शेवटी, त्याही उन्हाची कड असेल तिथेच. मधे कुठे बदललेली नवी कौलं असतील तर तुमचा तो भट्टीतला लाल तिथे लावा, शेजारची आपोआप जुनी दिसतात.

पागोळी
फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कायबोतची १८७८ची बर्फातली पॅरिसची छपरं बघा, तिथल्याच ओर्से संग्रहालयात आहेत. जवळजवळ सगळं करड्यात, तरी थंडी वाजते. मला ते चित्र जरा जास्तच सभ्य वाटतं म्हणा. ना ताडपत्री, ना डिश अँटेना.

कसबेकर
भोकाचा कागद केला. पूर्वेचा उतार चक्क वांग्याच्या रंगाचा! आता ताडपत्रीचं सांगा. बघणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाते. काढून टाकू? शिवाय या दमट हवेत थर वाळत नाहीत.

तैलबुद्धी
काढू नका हो. छप्पर कुठे गळतंय ते तीच सांगते. निळ्याचा भडकपणा कमी करा फक्त, त्यातही तोच बर्न्ट सिएना मिसळून. वाळायचं म्हणाल तर खालच्या थरात अंबर हा मातकट तपकिरी रंग वापरा, तो लवकर वाळतो, आणि टर्पेंटाइनने पातळ ठेवा. जवसाचं तेल वरच्या थरांत. उलट केलंत तर पुढे तडे जातील.