सनदी म्हणजे कोणातले?

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका अपार्टमेंटचा ग्रुप)

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. बी-३०४ मध्ये नवीन कुटुंब राहायला आलं आहे. सनदी म्हणून. संध्याकाळी त्यांचा नंबर ग्रुपला ॲड करतो. सामान चढवताना लिफ्ट अडकून राहिली तो विषय आता बंद करूया.

कुलकर्णी काकू, ए-१०१: वा, बरंच झालं! सनदी लेखापाल आहेत का? आमच्या ह्यांच्या रिटर्नचं काम तसंच राहिलंय.

सेक्रेटरी: काकू, सनदी हे आडनाव आहे.

कुलकर्णी काकू: असंही आडनाव असतं? पुण्यात आमच्या वाड्यात, शाळेत कुणी नव्हतं हो या नावाचं. कोणातले म्हणे?

येळ्ळूरकर, सी-२०२: आरपीडी कॉलेजला माझ्या वर्गात एक सनदी होता. लिंगायत.

जमादार, ए-२०३: आमच्या मिरजेच्या पाहुण्यांत सनदी आहेत. मुसलमान.

येळ्ळूरकर: मग दोन वेगळी आडनावं असतील.

तळवार सर, बी-१०२: कन्नडमध्ये सनादी म्हणजे सनई. देवळात सनई-चौघड्याचा मान असलेलं घराणं असणार.

कुलकर्णी काकू: हां, हे पटतं.

देसाई काका, सी-१०१: पटायला काय, सगळंच पटतं. सर, सनईवाला तो सनादी, ‘न’ला काना. हे सनदी. इंग्रजीत दोन्हीचं स्पेलिंग एकच होतं म्हणून घोळ. दारावरची पाटी मी सकाळी दूध आणताना बघून आलोय. कन्नडमध्ये लिहिलंय, काना नाही. थांबा जरा, सविस्तर लिहितो. मला टाइप करायला वेळ लागतो, मध्ये कुणी सुविचार टाकू नका.

जमादार: काका टायपिंग... म्हणजे चहा टाकून यायला हरकत नाही.

देसाई काका: मूळ शब्द शेतसनदी. गावची राखण करायची, वसुलाची रोकड कचेरीला निघाली की बरोबर जायचं, मामलेदाराचा निरोप पुढच्या गावाला पोचवायचा आणि लढाईची वेळ आली तर हत्यार घेऊन हजर व्हायचं. या चाकरीला रोख पगार नव्हता. गावातलीच जमीन सनद, म्हणजे सरकारी हक्काचा कागद, करून द्यायचे, सारा माफ नाहीतर नावापुरता. बाप थकला की मुलगा चाकरीला उभा राहायचा आणि जमीन घरात राहायची. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर या पट्ट्यात ही पद्धत भरपूर होती. बोलता बोलता शेत गळालं, सनदी राहिलं. काही घरं अजून अख्खं शेतसनदी लावतात, तेही आडनाव आहे.

मी महसूल खात्यात नोकरी काढली. जुन्या उताऱ्यांवर ‘शेतसनदी इनाम’ हा शेरा मी इतका बघितलाय की झोपेतसुद्धा ओळखेन.

येळ्ळूरकर: म्हणजे त्या वेळचे गावचे पोलीसच.

देसाई काका: पोलीस, पोस्टमन आणि फौज, तिन्ही एकात. इंग्रज आल्यावर लढाईचं काम संपलं, मग राखण आणि निरोप तेवढे उरले.

कुलकर्णी काकू: खूप छान माहिती. पण कोणातले ते राहिलंच.

देसाई काका: तेच सांगतोय. चाकरी ज्या घरी, नाव त्या घराला. एका गावात ती लिंगायताकडं, पलीकडच्या गावात मुसलमानाकडं, तिसऱ्या गावात धनगर नाहीतर मराठ्याकडं. आडनावावरून एवढंच कळतं की पूर्वज कधीतरी त्या कामावर होता. पुढचं काही कळत नाही. तुमचं कुलकर्णी घ्या की. देशस्थांत आहेत, सारस्वतांत आहेत, लिंगायतांतही आहेत. माझं देसाई घ्या. कित्तूरचे देसाई लिंगायत, सावंतवाडीकडचे मराठा, आणि गुजरातेतले अनाविल ब्राह्मण. आमचा एकमेकांशी सुतकाचाही संबंध नाही.

जमादार: आणि जमादार दोन्हीकडं आहेतच. माझ्या नावाचं एक पार्सल मागं वडगावच्या दुसऱ्या जमादारांकडं गेलं होतं. त्यांनी आणून दिलं, वर सत्यनारायणाचा प्रसाद पण दिला.

तळवार सर: काका, मग आमचं तळवारही हुद्द्याचंच का?

देसाई काका: होय की. मराठी माणसाला ऐकताना तलवार वाटते, खरं तळवार म्हणजे गावचा राखणदार. आणि तुमचं नाव सनदीपेक्षा कितीतरी जुनं. नागार्जुनकोंड्याच्या इक्ष्वाकू राजांच्या शिलालेखांत ‘महातलवर’ हा हुद्दा आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकातली गोष्ट. सनद हा शब्द अरबी-फारसीतून आलेला, म्हणजे सनदी त्यामानानं कालचं पोर.

तळवार सर: लग्नात सासऱ्यांनी आडनावाला शोभेल म्हणून तलवार दिली होती. ती अजून माळ्यावर आहे.

सेक्रेटरी: सर, सोसायटीच्या नियमात हत्यार बसत नाही 😄

नाईकवाडी मॅडम, बी-२०१: उशिरा वाचतेय, शाळेत होते. देसाई काकांनी मुख्य नाव घेतलंच नाही. संगोळ्ळी रायण्णा शेतसनदी होते! आमच्या सातवीच्या मुलांनाही रायण्णा म्हटलं की घोडा आणि तलवार आठवते, कारण चौकातले पुतळे तसे. पण हा कित्तूर संस्थानाचा शेतसनदी. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला, पुढं कित्तूर पडलं आणि राणी चन्नम्मा कैदेत गेल्या. कंपनी सरकारनं रायण्णांची बरीचशी जमीन काढून घेतली आणि उरलेलीवर भारी सारा बसवला. राणीवरची निष्ठा होतीच, पण हेही होतं. मग त्यांनी माणसं जमवून कचेऱ्या जाळल्या. कचेरीच का? तिथं जमिनीचे कागद असायचे. १८३० मध्ये पकडले गेले आणि २६ जानेवारी १८३१ ला आपल्या खानापूर तालुक्यात नंदगडला फाशी. बेंगळूरच्या मुख्य रेल्वे स्टेशनला नाव आहे ते यांचंच.

येळ्ळूरकर: नंदगडला आमचं आजोळ. तिथल्या रायण्णांच्या समाधीजवळच्या वडापाशी किती वेळा गेलोय.

जमादार: म्हणजे ज्याच्यापायी सनदी म्हणायचं ती जमीनच गेली आणि नाव तेवढं राहिलं.

नाईकवाडी मॅडम: सगळ्यांची गेली नाही. पण जमिनीवरून भडका एकट्या कित्तुरात उडाला असंही नाही. कोल्हापूर संस्थानात १८४४ ला गडकऱ्यांचं बंड झालं, त्याच्याही मुळाशी जमिनीच होत्या. गडावरच्या शिबंदीला दिलेल्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात द्यायचं ठरलं आणि सामानगड, भुदरगड पेटले. सामानगडावर इंग्रजांची फौज गेली ती आपल्याच बेळगावहून. गडावर चाकरी करणारा तो गडकरी, खाली गावात करणारा तो शेतसनदी. आज दोन्ही आडनावं आहेत.

डी-४०१: आणि आज हीच जमीन कुठल्या राज्यात आहे त्याचंही कुणीतरी बोला...

सेक्रेटरी: ग्रुपवर सीमाप्रश्न नको. मागच्या वेळी चार जण बाहेर पडले होते, त्यांना परत आणताना माझा जीव गेला.

देसाई काका: सीमाप्रश्न नको, खरं सीमा सोडून आडनावाचा पत्ता लागणार नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात ‘चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा’ असं लिहून जिल्हा म्हैसूर राज्याला दिला. चंदगड गेलं मुंबई राज्यात, कोल्हापूर जिल्ह्याला. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या दप्तरातली घरं दोन राज्यांत. एकाच भाऊकीतला एक सनदी इकडं कन्नड पहाणी काढतो आणि दुसरा तिकडं मराठी सातबारा. ह्यात राजकारण काय आहे?

सेक्रेटरी: एवढं चालेल.

येळ्ळूरकर: मी आत्ता फेसबुकवर सनदी म्हणून सर्च मारला. वर वर बघितलं तर बेळगाव, गोकाक, चिकोडी, हुबळी, कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज. त्यानंतर एकदम पुणे, मुंबई, बेंगळूर. मध्ये सातारा-नगरकडं कुणी दिसलं नाही. विदर्भात तर नाहीच.

नाईकवाडी मॅडम: राजकारणातही एक होते. धारवाड दक्षिणचे खासदार प्रा. आय. जी. सनदी, १९९९ ला निवडून आलेले.

देसाई काका: येळ्ळूरकर, छान काम केलंस. यादीचे दोन भाग कर. पुणे, मुंबई, बेंगळूर ही नोकरीची गावं, ती बाजूला काढ. उरलं ते बघ. इंग्रज ज्याला सदर्न मराठा कंट्री म्हणायचे तो मुलूख जसाच्या तसा येतो. जिथं चाकरी होती तिथंच नाव आहे.

आता तुझंच आडनाव त्याच्या शेजारी ठेव. येळ्ळुरात राजहंसगडाच्या पायथ्याला बसून कोण कुणाला येळ्ळूरकर म्हणणार? तिथं सगळेच येळ्ळूरचे. ‘कर’ लागतो तो गाव सोडल्यावर, दुसऱ्या गावानं लावलेला. कडोलकर, सांबरेकर, हलगेकर, उचगावकर, सगळे असेच, कधीतरी बाहेर पडलेले. सनदीचं उलटं आहे. गाव सोडलं तर जमीन जायची, म्हणून हलले नाहीत आणि नाव टिकलं. ‘कर’वाल्याचं मूळ गाव नावातच असतं, खरं तिथं त्याचं घर असेलच असं नाही. सनदीच्या नावात गाव नसतं, आणि बहुतेकदा घर अजून त्याच गावात असतं.

येळ्ळूरकर: काका, आमचं येळ्ळुरात खरंच काही नाही. आजोबा शहापुरात मागावर आले, तेव्हापासून शहापूरच.

कुलकर्णी काकू: आमच्या पुण्यात इचलकरंजीकर घोरपडे आहेत, ते ब्राह्मण कसे असा प्रश्न मला लहानपणापासून होता.

नाईकवाडी मॅडम: काकू, ते मूळचे जोशी. नारो महादेव जोशी सेनापती घोरपड्यांच्या आश्रयाला वाढले, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून स्वतःचं आडनाव टाकून घोरपडे लावलं. आडनाव रक्तातून येतं, कामातून येतं, गावातून येतं, तसं कृतज्ञतेतूनही येतं.

*(सेक्रेटरींनी बी-३०४ सनदी यांना ॲड केले)*

सनदी, बी-३०४: नमस्कार सगळ्यांना 🙏 लिफ्टबद्दल सॉरी.

कुलकर्णी काकू: स्वागत आहे! तुमच्याच आडनावावर सकाळपासून चर्चा चाललीय.

सनदी: असं? मला वरचं काही दिसत नाही. आत्ताच ॲड झालो.

सेक्रेटरी: 🙈

सनदी: देसाई काकांनी सगळं फॉरवर्ड केलं. जेवता जेवता मोठ्यानं वाचलं, आईनं दोनदा वाचायला लावलं. कोणातले हा प्रश्न आम्हाला प्रत्येक भाड्याच्या घरात विचारलाय. सध्या बी विंगमधले.

जमादार: 😂😂 काकू, मिळालं उत्तर?

कुलकर्णी काकू: मिळालं बाई. उद्या आईंना घेऊन चहाला या. कुंदा आणून ठेवलाय.

सनदी: नक्की. बाकी काकांनी लिहिलंय ते आमच्या घरी जुळतं. गाव हुक्केरी तालुक्यात. घर अजून तिथंच आहे, चुलते राहतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर वेगळंच आडनाव आहे, सनदी वडिलांपासून लागलं. भाऊकीतले निम्मे जुनंच नाव लावतात. त्यामुळं वारसाच्या कामात दर वेळी ‘हे दोघे एकाच घराण्यातले’ असं ॲफिडेव्हिट करावं लागतं.

देसाई काका: ज्यांच्याकडं चाकरीची पाळी होती त्यांनी सनदी लावलं असणार. जमीन आहे का अजून?

सनदी: थोडी. चुलत्यांच्या नावावर. तीही पूर्ण आमची की सरकारची यावर घरात वाद आहे. कुणी म्हणतं इनाम रद्द झालं, कुणी म्हणतं परत मिळालं.

देसाई काका: दोन्ही खरं. १९६१ चा म्हैसूरचा ग्राम हुद्दे रद्द करणारा कायदा, लागू झाला १९६३ ला. त्यानं पाटीलकी, कुलकर्णी, शेतसनदी असले सगळे वंशपरंपरागत हुद्दे गेले आणि जमिनी सरकारजमा झाल्या. मात्र त्याच कायद्यात हुद्देदाराला ठरलेली रक्कम भरून जमीन पुन्हा मिळायची सोय होती. रीग्रँट म्हणतात. भरले त्यांची झाली. न भरता तशीच कसत राहिले, नाहीतर रीग्रँटच्या आधीच विकून मोकळे झाले, त्यांच्या केसेस आम्ही निवृत्त होईपर्यंत चालूच होत्या. तुमच्याकडं रीग्रँटची ऑर्डर निघाली का, एवढाच प्रश्न. बाकी वाद घरात घालून उपयोग नाही.

सनदी: ती कुठं बघायची?

देसाई काका: तालुक्याच्या कचेरीत, रेकॉर्ड रूमला. जुना सर्व्हे नंबर घेऊन जा, हिस्सा पडायच्या आधीचा. ऑर्डर सापडली नाही तर फेरफाराची नोंद मागा, त्यात ऑर्डरचा नंबर असतो. नकल घेताना शिक्का बघून घ्या.

सनदी: चुलत्यांकडं आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे, आत कापडात बांधलेले कागद. वाचता कुणालाच येत नाहीत. थोडे कन्नड आहेत, बाकी मोडी असावेत.

देसाई काका: कन्नड तळवार सरांकडं द्या, मोडी माझ्याकडं.

तळवार सर: जुनं कन्नड हस्ताक्षर म्हणजे मला रविवार लागेल. खरं आणा.

सनदी: शनिवारी गावी जातोय. तिथूनच फोटो काढून पाठवू का?

देसाई काका: फोटो नको. मोडीत रेघेच्या वरचा शेंडा गेला की अक्षर बदलतं. पेटीच आणा. घड्या तिथं उलगडू नका, जुना कागद घडीवरच तुटतो. आहे तसं कापडासकट आणा, उलगडायचं ते इथं टेबलावर बघू.