'स्ट्युअर्ड'ला मराठीत काय म्हणाल?

स्कॉटलंडवर एक लेख लिहितेय आणि वॉल्टर फिट्झ अ‍ॅलनपाशी अडलेय. (फिट्झ म्हणजे मुलगा, म्हणजे अ‍ॅलनचा वॉल्टर.) मूळ इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या बाजूचा, 12व्या शतकात स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याच्या पदरी गेला, तिथे 'स्ट्युअर्ड' झाला आणि पुढे राजा चौथ्या माल्कमने ते पद पिढीजात करून दिलं. 'व्यवस्थापक' लिहिलं की डोळ्यासमोर हॉटेलचा मॅनेजर येतो. शिवाय 1163 मध्ये त्याने पेझलीच्या मठाची स्थापना केली, तर 'पेट्रन'ला आश्रयदाता चालेल ना?

— कारभारी लिहा, आणि पद पिढीजात होतं तर वतनी कारभारी. जुन्या इंग्रजीत स्टिग म्हणजे घर, वेअर्ड म्हणजे राखणारा. पण त्या काळच्या लॅटिन सनदांमध्ये त्याला 'डापिफर' म्हणतात, म्हणजे ताटात अन्न आणून ठेवणारा, आपला सरळ वाढपी! वॉल्टर काही पंगतीत वाढत नव्हता हो, राजाच्या घरचा सगळा कारभार त्याच्याकडे होता, शब्द तेवढा जुना राहिला. आणि आपल्याकडे चिटणीस, फडणीस, पोतनीस ही कामाची नावं आडनावं झाली तसंच तिकडे स्ट्युअर्डचं स्ट्युअर्ट झालं. त्याच वंशातल्या पुढच्या एका वॉल्टरने स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या मुलीशी, मार्जरीशी लग्न केलं, त्यांचा मुलगा 1371 ला दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला. वाढप्याच्या पदावरून राजघराण्याचं नाव, मला तर हे फार आवडतं.

— आश्रयदाता नको, तो कवी-गवयांचा. इथे वॉल्टरने इंग्लंडमधल्या वेनलॉकच्या मठातून क्लूनी या ख्रिस्ती पंथाचे साधू आणवले, आधी रेन्फ्र्यूला आणि मग पेझलीला बसवले, जमिनी दिल्या, चर्चांचं उत्पन्न लावून दिलं, आणि त्या बदल्यात साधूंनी राजासाठी, पूर्वजांसाठी प्रार्थना करायची. हे आपल्या देवस्थान इनामाच्या जवळचं आहे. 'मठाला इनाम देणारा' असं फोडूनच लिहा, लांब होतं पण अर्थ नीट पोचतो.

— पटलं, दोन्ही घेते. एकच राहिलं, शेवटी तो मेलरोजच्या मठात जाऊन साधू झाला आणि 1177 मध्ये वारला. 'संन्यास घेतला' लिहू का?

— संन्यास म्हटलं की भगवी वस्त्रं आणि एकट्याने भटकणं आलं. हा मठातच राहिला, तिथले नियम पाळत. 'दीक्षा घेतली' लिहा.