भर सभेत चुलत्यांना 'पाणीचोर' म्हणालो, आता संस्था कशी सांभाळू?

कृष्णाकाठ_२७
वाळवा तालुक्यात आमची सहकारी पाणीपुरवठा संस्था आहे. सभासद ८४, झाडून सगळ्यांचा ऊस. डिसेंबरात मला चेअरमन केलं. वय २७, संचालकांत मीच सगळ्यांत लहान.

मार्चमध्ये एका रात्री शेवटच्या चेंबरवरचे (चेंबर म्हणजे पाईपलाईनवर व्हॉल्व्ह उघडून रानात पाणी सोडायची जागा) पाच-सहा जण दारात आले. पाळी त्यांची, पण सरीतलं पाणी पुढं सरकतच नव्हतं. बॅटरी घेऊन लाईनच्या कडेनं वर चालत गेलो, तर तिसऱ्या चेंबरचा व्हॉल्व्ह दोन फेरे उघडा. रान माझ्या सख्ख्या चुलत्यांचं. दुसऱ्या दिवशी सभेत सगळ्यांदेखत मी त्यांना पाणीचोर म्हणालो. ते एक शब्द बोलले नाहीत. मांडीवरची टोपी उचलून डोक्याला घातली आणि निघून गेले. त्यांच्यामागं वरच्या भागातले अकरा जण उठले.

आता या बारा जणांनी पाणीपट्टी बंद केलीय. वीजबिल काही थांबत नाही. खालचे म्हणतात, त्यांचं पाणी तोडा. तोडलं तर ऐन उन्हाळ्यात ऊस वाळणार, नाही तोडलं तर म्हणणार, चेअरमननं भावकी सांभाळली. घरी आईचं आणि चुलतीचं बोलणं बंद आहे. मला दोन्ही बाजू टिकवायच्या आहेत. सुरुवात कुठनं करू?

पाटकरी_आबा
बाळा, तीस वर्षं पाटकरी होतो, सगळे व्हॉल्व्ह माझ्या हातानं उघडलेत नि मिटलेत. आधी चुलत्याची माफी माग. व्हॉल्व्ह उघडला ही त्यांची चूक, पण तो शब्द तुझा आहे. एकटा घरी जा, चहा घे. संस्थेचा विषय तिथं काढू नको.

आता पाण्याचं. तू कधी मोजलंयस? तुमच्यात पाळी तासावरच असणार. तास सारखे दिले तरी पाणी सारखं मिळत नाही. पाईप जेवढी लांब तेवढं घर्षणानं प्रेशर पडतं, वाटेत जोड गळतात. शिवाय मोटार चालू झाल्यावर लांबची लाईन भरेपर्यंतचा वेळ शेवटच्या माणसाच्या तासातनंच जातो. म्हणजे चुलत्यानं व्हॉल्व्हला हात लावला नसता तरी खालच्याला कमीच मिळालं असतं. खालचा म्हणतो वरचा चोरतोय, वरचा म्हणतो यांचं रडगाणं कायमचंच. असं वीस-वीस वर्षं चाललेलं मी बघितलंय.

२०० लिटरचं बॅरल घे. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या चेंबरला एकाच दिवशी लाव आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघ. दोन्हीकडची माणसं तिथं उभी पाहिजेत. घड्याळ मात्र तुझ्या हातात नको, एवढं ऐक.

विट्याची_लेक
आबांचं सगळं पटतं, माफीचं सोडून. शब्द चारचौघांत गेलाय, तो चारचौघांतच परत घ्या. २४ व्या वर्षी मी बचत गटाची अध्यक्ष होते. हप्ता थकवलेल्या एका ताईंना मी एकटीच घरी जाऊन भेटले, समजावलं. त्यांनी हप्ता भरला, पण बाकीच्यांना वाटलं आमचं आतून काहीतरी ठरलं. तो संशय काढायला वर्ष गेलं.

आणि पुन्हा कुणी रात्री व्हॉल्व्ह उघडला तर काय करायचं, हे आताच लिहून ठेवा, म्हणजे ते कुणा एकाच्या नावावर जात नाही. आमच्या भागात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण उभं केलं, तिथं पाणी जमिनीच्या हिशेबानं न वाटता सगळ्यांना सारखं वाटायचं आणि त्यावर ऊस घ्यायचा नाही, हे लोकांनीच ठरवलं होतं.

म्हैसाळ_कालवा
संचालकांत शेवटच्या चेंबरचे किती जण आहेत? कालव्यावरच्या पाणी वापर संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. त्यात वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागाला सारखे संचालक द्यावे लागतात. तुमची संस्था सहकार कायद्यातली, तरी तसं करायला कुणाची आडकाठी नसावी.

कृष्णाकाठ_२७
शेवटच्या चेंबरचा एकच संचालक आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रविवारी मोजलं. पहिल्या चेंबरपाशी सगळे जमल्यावर आधी चुलत्यांकडं बघून म्हणालो, "तात्या, तो शब्द माझा चुकला, मी तो परत घेतो. व्हॉल्व्हचं आपण सगळ्यांसमोर बोलू." ते बांधावरच उभे राहिले. हो नाही, ना नाही.

पहिल्या चेंबरला बॅरल २० सेकंदांत भरलं, मधल्याला २५. शेवटच्याला ३२ आले तेव्हा तात्या खाली उतरले, पोराच्या हातातला मोबाईल घेतला आणि म्हणाले, "परत भर." बॅरल उपडं केलं, परत भरलं. ३३. ते काठाशी वाकून धार बघत राहिले. "एवढीच येती व्हय?" म्हणाले. खालच्यांपैकी कुणी काही बोललं नाही, त्याचं मला फार बरं वाटलं.

हिशेब केला तर वरच्याला पाच तासांत मिळतं तेवढं पाणी खाली यायला आठ तास लागतात. भांडण संपलेलं नाही. वरचे म्हणतात, आमचे तास कापू नका, आधी गळके जोड काढा. खालचे म्हणतात, जोड होईपर्यंत तास वाढवा. बारापैकी सात जणांनी पट्टी भरली, तात्यांनी अजून नाही.

मंगळवारी सभा आहे. आबा, एक सांगा: शेवटच्या चेंबरची पाळी मोटार चालू झाल्यापासून धरायची, की लाईन भरून पाणी पडायला लागल्यापासून? तुमच्याकडं काय करायचा?