‘मायनर स्केल’ला मराठीत काय म्हणावे?

शब्दवेल्हाळ:
पियानो शिकू लागलेल्या मुलांसाठी इंग्रजीत लिहिलेल्या एका छोट्या पुस्तिकेचे भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. पाश्चात्त्य संगीतात मेजर आणि मायनर अशा दोन मुख्य स्केल, म्हणजे स्वरांच्या रांगा असतात. मेजर स्केलच्या प्रकरणात फारसे अडले नाही, कारण ‘बिलावलचे स्वर’, म्हणजे सातही शुद्ध स्वर, एवढे म्हटले की पेटी असलेल्या घरातले मूल ते लगेच वाजवून दाखवते. मायनर स्केलपाशी मात्र मी आठवडाभर थांबले आहे. कायद्याच्या कागदपत्रांची भाषांतरे करण्यात बरीच वर्षे गेल्यामुळे ‘मायनर’ म्हटले की ‘अज्ञान’ (वयाने सज्ञान नसलेला) हाच शब्द आधी हाताखालून उतरतो, आणि तो येथे अर्थातच चालणार नाही. म्हणून मी ‘गौण स्वरश्रेणी’ असे लिहिले. मसुदा वाचणाऱ्या पियानोशिक्षिकेने त्यावर काट मारून समासात लिहिले, ‘या श्रेणीत गौण काहीही नाही.’ त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले आहे, परंतु त्या जागी काय लिहावे हे त्यांनाही सुचलेले नाही. ‘लघु स्वरश्रेणी’ कसे वाटते?

काळी चार:
‘लघु’ म्हटले की वाचणारा कशापेक्षा लघु असे विचारणारच. श्रेणी काही लहान नसते, सात स्वर दोन्हीकडे सातच असतात. लहान असते ते सा आणि गंधार यांच्यातले अंतर: मेजरमध्ये ते चार अर्धस्वरांचे आहे आणि मायनरमध्ये तीन (लगतच्या दोन पट्ट्यांतले अंतर म्हणजे एक अर्धस्वर). म्हणजेच आपला कोमल गंधार. पांढरी सहाला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला, सा धरावा आणि एकाही काळ्या पट्टीला हात न लावता वरच्या पांढरी सहापर्यंत जावे. गंधार, धैवत आणि निषाद आपोआप कोमल लागतात. याला आपल्याकडे आसावरी थाट (थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठी ठरवलेला सात स्वरांचा संच) म्हणतात, आणि तयार नाव असताना नवे घडवण्याचे कारण मला दिसत नाही.

षड्जचालन:
काळी चार, आपण सांगितलेले स्वर बरोबर आहेत, पण नाव अडचणीचे आहे. आसावरी शुद्ध ऋषभाने गाणारे आणि कोमल ऋषभाने गाणारे असे दोन्ही गवई आपल्याकडे आहेत. ज्याच्या कानात कोमल ऋषभाची आसावरी बसली आहे, तो विद्यार्थी पियानोवर दुसऱ्या स्वरालाच चुकेल. याहून मोठी अडचण अशी की, मायनर स्केल तीन प्रकारची असते आणि आपण फक्त पहिल्या, नॅचरल प्रकाराविषयी बोललात. हार्मोनिक प्रकारात निषाद शुद्ध होतो, कारण पंचमावर उभ्या केलेल्या कॉर्डला (एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या गटाला) सा-कडे ओढ घेणारा निषाद हवा असतो. कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद ही जुळणी संगीतशास्त्रकार भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी एकातही बसत नाही. ती कर्नाटक संगीतातून आपल्याकडे आलेल्या कीरवाणी रागात सापडते. मेलोडिक प्रकारात तर चढताना धैवत आणि निषाद शुद्ध असतात, ते स्वर पटदीप रागाचे. उतरताना दोन्ही कोमल होतात आणि आपण पुन्हा आसावरीत येतो. चढण्या-उतरण्यातला असा भेद थाटात कधीच नसतो, तो रागात असतो. त्यामुळे ‘थाट’ हा शब्द तिसऱ्या प्रकाराला मुळीच पुरणार नाही.
एक गोष्ट मात्र आपल्याकडे खरोखर तयार आहे. पांढरी एकपासूनच्या बिलावलच्या धैवताला सा मानले की हीच पांढरी सहाची मायनर मिळते. या क्रियेला मूर्च्छना किंवा षड्जचालन म्हणतात. पुस्तिकेत ‘रिलेटिव्ह मायनर’, म्हणजे मेजरच्याच पट्ट्यांवर वाजणारी मायनर, समजावण्यासाठी पानभर मजकूर असेल, तर तो या एका शब्दाने दोन ओळींत मावेल.

अक्षरधन:
मला ‘मायनर’पेक्षा ‘स्केल’ची अधिक काळजी वाटते. मराठी गायकाला ‘आपली स्केल कोणती?’ असे विचारले, तर तो ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असे उत्तर देतो. म्हणजे या शब्दाने आपल्याकडे आधारस्वराची, पट्टीची जागा घेतली आहे. स्केलचेंजर पेटीतही नेमका आधारस्वरच सरकतो, स्वरांतली अंतरे जिथल्या तिथे राहतात. अशा परिस्थितीत ‘मायनर स्केल’ वाचून पेटीवाल्या घरातले मूल कोणती पट्टी धरायची असाच अर्थ घेईल. ‘सप्तक’ही चालणार नाही, कारण ते मंद्र, मध्य आणि तार यांसाठी राखलेले आहे. ‘स्वरश्रेणी’ हाच शुद्ध आणि निःसंदिग्ध शब्द आहे, आणि तो आग्रहाने रुजवला पाहिजे. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हेही एकेकाळी नवेच होते.

काळी चार:
आग्रहाने रुजवलेल्या शब्दाचे काय होते, ते पेटीवाल्यांना चांगले ठाऊक आहे. कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘संवादिनी’ छापतात आणि साथीदाराला फोन करताना ‘रविवारी पेटीला येता का?’ असे विचारतात. मी बेचाळीस वर्षे पेटी वाजवतो आहे, आणि एवढ्या काळात ‘संवादिनी आणा’ असे मला एकाही माणसाने सांगितलेले नाही. पेटी हा शब्द कोणी समितीत बसून ठरवला नव्हता. लोकांनी समोर लाकडाची पेटी पाहिली आणि तिला पेटी म्हटले.

अक्षरधन:
तरीही ‘संवादिनी’ मेलेला नाही, हे आपणच सांगत आहात. लेखी मराठीला तिचा स्वतःचा शब्द असण्यात गैर काय? पुस्तिका लेखी आहे.

मांडवीकाठ:
आमच्याकडे गोव्यात हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला होता. माझे आजोबा चर्चच्या पाठशाळेत व्हायोलिन शिकले. त्यांच्या तोंडी कोमल स्वरासाठी पोर्तुगीज ‘बेमोल’ होता आणि मायनरसाठी ‘मेनोर’. मराठी बोलतानाही ते हेच शब्द वापरत, आणि कोणाला खटकत नसे. ‘बेमोल’मधला ‘मोल’ म्हणजे मऊ. जर्मन लोक तर संपूर्ण मायनरलाच ‘मोल’ आणि मेजरला ‘दुर’, म्हणजे कठीण, म्हणतात. आजोबांचा ठाम विश्वास होता की, ‘मोल’ आणि आपला ‘कोमल’ हे एकाच घरातले शब्द आहेत.

षड्जचालन:
मांडवीकाठ, आजोबांचा कान चांगला होता, पण सोयरीक जरा बाजूला जुळते. ‘मोल’च्या मागे लॅटिन ‘मोलिस’ आहे आणि त्याचा संस्कृतातला सख्खा नातेवाईक ‘मृदु’ आहे, ‘कोमल’ नव्हे. अर्थ मात्र दोन्हीकडे तोच निघाला, आणि मला तो योगायोग फार सुंदर वाटतो.

अक्षरधन:
मग ‘मृदु स्वरश्रेणी’ का नको?

काळी चार:
कारण हार्मोनिक मायनर मुळीच मृदू वाजत नाही. कोमल धैवत आणि शुद्ध निषाद यांच्यात तीन अर्धस्वरांची जी उडी आहे, ती ऐकून कोणाला मऊ वाटले तर मला नवल वाटेल.

शब्दवेल्हाळ:
सर्वांचे मनापासून आभार. षड्जचालनाचा परिच्छेद मी तसाच घेतला आहे. काल त्या शिक्षिकेकडे नऊ वर्षांच्या एका मुलीला पांढरी सहाची हार्मोनिक मायनर वाजवताना जवळ बसून पाहिले. पहिली तीन बोटे झाली, अंगठा खालून सरकून मध्यमावर आला, पुढे तिसरे बोट पांढरी चारवर टेकले आणि तेथे ती थांबली. चौथे बोट पांढरी पाच ओलांडून काळी चारपर्यंत ताणताना तिचे मनगट दरवेळी वळत होते. ‘कोमल ध, मग शुद्ध नि,’ असे शिक्षिकेने म्हटले, तेव्हा तिला ते गाता आले, आणि गायल्यावर चौथ्या वेळी वाजवताही आले. मी प्रकरणाचे शीर्षक तूर्त ‘मायनर’ असेच ठेवले असून खाली स्वर कोमल-शुद्ध असे लिहिले आहेत. ‘हार्मोनिक’ आणि ‘मेलोडिक’ या दोन शब्दांचे काय करावे, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

अक्षरधन:
‘मायनर’ शीर्षकात ठेवण्याला माझा विरोध आहे, तो येथे नोंदवतो. ‘मेलोडिक’साठी ‘आरोहभेदी’ असा शब्द मी सुचवीन.

काळी चार:
आरोहभेदी? भेद अवरोहात होतो असेही म्हणता येईल.