मदत हवी आहे: संमतीपत्रक आजींना कसं समजावू?
नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात मधुमेहाच्या एका अभ्यासासाठी घरोघरी फिरते. साखर, बीपी मोजायला कुणाची ना नसते. गाडं अडतं ते अंगठ्यापाशी. काल एका आजींनी हात पदराखाली घेतला. "साखर बघ बाई, पण कागद नको. मागं एकानं असाच अंगठा नेला, मग रोज कर्जाचे फोन." काय बोलणार!

आमचं पत्रक चार पानी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सगळं आहे त्यात: कधीही माघार घेता येते, नकार दिला म्हणून उपचार थांबत नाहीत. पण 'अनामिकीकृत विदा' (म्हणजे नाव काढून ठेवलेली माहिती) वाचताना मीच अडखळते. त्यात लोकांना वाटतं, हे 'आभा'चंच, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचंच काम. तो १४ आकडी नंबर वेगळा, आमचा अभ्यास वेगळा, हे सांगता सांगता चहा गार होतो.

नाव काढून माहिती ठेवतात, हे तुम्ही गावात कसं सांगता? मी "मतपेटीसारखं" म्हणून पाहिलं, तर हशाच पिकला. आणि माघार घेतल्यावर आधी दिलेल्या माहितीचं काय, हे कुठल्या शब्दांत लिहिता? सोप्या मराठीतलं पत्रक असेल तर पाठवा ना. सोमवारी परत त्याच आळीत जायचंय.