ताट परत गेलं म्हणजे जेवण झालं असं नाही

'सिस्टर लोकांना म्हाताऱ्यांचं कुपोषण कळतच नाही' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. कळतं, पण मोजायची सवय कुणी लावलेली नसते. माझी आई बोरिवलीत एका वृद्धाश्रमात होती. वहीत रोज 'जेवण झालं'. एकदा दुपारी अचानक गेले, तर कवळी डबीत, पोळी तशीच आणि वरणभात नुसता चिवडलेला. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या हो!

म्हाताऱ्या माणसाला वजनकाट्यावर उभं राहता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजा, शिंप्याची टेपसुद्धा चालते. ३१ सेंमीपेक्षा कमी भरला तर डॉक्टरांना लगेच सांगा. पायावर सूज असेल तर मात्र हे माप फसवतं, वजनही फसवतं. तेव्हा ताटात काय उरलं तेच वहीत लिहायला सांगा.