पहिले साठ किलोमीटर: हायवेची कड बरी की आतला रस्ता?

गोडोलीकर
चार महिन्यांपूर्वी गिअरची सायकल घेतली. रोज सकाळी संगम माहुलीपर्यंत जाऊन येतो. दोन रविवारी लिंबची बारा मोटेची विहीरही करून आलो. आता सातारा–रहिमतपूर–कोरेगाव–सातारा असा साठ-पासष्ट किलोमीटरचा फेरा डोक्यात आहे. ऑफिसातले एक जण रोज ऐकवतात, "नवशिक्यानं हायवे धरावा, नाकासमोर कराडकडं जायचं आणि दमलं की मागं फिरायचं." मला हे पटत नाही. शेजारून कंटेनर गेला की हँडल कुणीतरी ओढल्यासारखं होतं आणि घरी आल्यावर पायांपेक्षा खांदेच जास्त दुखतात. माझं मत असं की वेळ गेला तरी चालेल, नवख्यानं आतलाच रस्ता घ्यावा. चुकत असेन तर सांगा, पण कारणासकट.

उंब्रजवाला
चुकताय. मी दोन वर्षं हायवेनंच चालवतोय. पांढऱ्या पट्टीबाहेर जागा मिळते, रस्ता सरळ, ड्रायव्हरला तुम्ही लांबून दिसता. तुमच्या आतल्या रस्त्यावर एसटी समोरून आली की खाली उतरायचं, आणि साइडपट्टी डांबरापासून वीतभर खोल. नवखा माणूस पडतो तो तिथंच. वळणाला मोटरसायकलवाला निम्म्या रस्त्यात येतो ते वेगळंच. नागठाणे, अतीत, काशीळ, कुठंही पंक्चर झालं तर माणूस मिळतो. आत काय, म्हशी बघत बसायचं?

कोरेगावची_लेक
@उंब्रजवाला दादा, सरळ रस्ता आहे म्हणूनच गाड्या शंभरनं येतात. आणि कडेची जागा रिकामी असते हे तुम्हाला कोणी सांगितलं? तिथं बंद पडलेला ट्रक असतो, उलट्या दिशेनं येणारी दुचाकी असते, ढाब्यासमोर तर पार्किंगच. त्या प्रत्येक वेळी मेन लेनमध्ये यायला लागतं, तेही मागं वळून बघत. ज्याला एका हातानं हँडल धरून मागं बघता येत नाही त्यानं हायवेवर जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी ते शिका. रिकाम्या मैदानावर दोन दिवसांत जमतं.

उंब्रजवाला
सेवा रस्ता आहे की.

कोरेगावची_लेक
सेवा रस्त्यावर सगळं गाव उलटंच येतं. जाऊ द्या.

मेढा_लाइन
तुम्ही दोघं भांडताय, पण 'शांत रस्ता' म्हणजे काय हेच ठरलेलं नाही. गुगलच्या नकाशावर बारीक रेघ दिसली म्हणजे तो चांगला रस्ता असं नव्हे. मी स्वतः अशा रेघेवरून गेलो आणि शेवटचे तीन किलोमीटर खडीतून सायकल ढकलली. तेव्हापासून आधी दुचाकीचा मोड लावून बघतो, मग उपग्रहाचं चित्र मोठं करतो. डांबर काळं दिसतं, कच्चा रस्ता तांबूस. वाटेत मैलाचे दगड वाचा: पिवळा माथा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य मार्ग, नारिंगी ग्रामसडक. नवख्यासाठी हिरव्यातले कमी रहदारीचे सगळ्यात बरे. रुंदी पुरेशी आणि दर चार-पाच किलोमीटरला एखादं गाव. नारिंगीवर सुटायचं ते नंतर.

आणि किलोमीटर मोजून प्लॅन करू नका, चढ मोजा. सातारा ते कास जेमतेम 25 किलोमीटर, पण चढ पाचेकशे मीटरचा, आणि यवतेश्वरचा घाट तर गावातून बाहेर पडल्या पडल्या लागतो. रहिमतपूरचा फेरा त्याच्या दुप्पट-अडीचपट लांब असूनही सोपा पडेल.

पेठेतला
कासला सप्टेंबरातल्या रविवारी जाऊन बघा, शांत रस्ता म्हणजे काय ते कळेल. फुलं कमी, गाड्या जास्त.

दोन_बाटल्या_पाणी
एक गोष्ट कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते. शांत रस्ता म्हणजे बाईसाठी सुनसान रस्ता. तीन किलोमीटर दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस आणि मागं हळू चालणारी एक मोटरसायकल. ती बिचारी आपल्या वाटेनं जात असेलही, पण माझा सगळा घाम तिथंच निघतो. म्हणून मी एकटी असेन तर गावागणिक टपरी असलेलाच रस्ता घेते, मग थोडी रहदारी असली तरी चालेल. सोबत असेल तर आतला. घरी लाइव्ह लोकेशन चालू. पुरुष मंडळींना 'निसर्गरम्य' म्हणायला काय जातंय!

उंब्रजवाला
हा मुद्दा मान्य, ताई. माझ्या डोक्यात आला नव्हता.

कोरेगावची_लेक
मलाही मान्य. तरी गोडोलीकरांना मी आतलाच रस्ता सांगेन, पण ऊसतोड सुरू व्हायच्या आत उरका. एकदा कारखाने पेटले की दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर सुरू होतात. पुढचा डुलतो, मागची ट्रॉली त्याच्याहून जास्त डुलते, आणि मागं लाल दिवा असेलच असं नाही. त्याला ओलांडायच्या भानगडीत पडू नका. थांबा, पाणी प्या, जाऊ द्या. बाभळीच्या काट्यांसाठी जादा ट्यूब आणि पंप जवळ ठेवा. नुसत्या पंक्चर किटच्या भरवशावर जाऊ नका, एका काट्यानं दोन भोकं पडतात. कुत्री मागं लागली तर पळवायला जाऊ नका. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, चालत पुढं जायचं.

मेढा_लाइन
वारं राहिलंच. आपल्याकडं पावसाळ्यात ते पश्चिमेचं. साताऱ्याहून पूर्वेला जाताना पाठीशी असतं, म्हणून माणसाला वाटतं आपल्या पायात ताकद आली. कोरेगावहून परत फिरलं की तोंडावर. पहिल्या तीस किलोमीटरचा वेग बघून परतीची वेळ काढू नका. ताशी पंधरा धरा, वर तासभर चहा-केळ्यांचा. पहाटे साडेपाचला निघालात तर अकराच्या आत घरी.

गोडोलीकर
सगळ्यांचे आभार. मागं वळून बघायला मला जमत नाही, हे आत्ताच अंगणात करून बघितलं. भिंतीला धडकलो. म्हणजे हायवे तूर्त बाद, आणि ऑफिसात उद्या तेच सांगेन.

शनिवारी संध्याकाळी मोटरसायकलवरून पूर्ण फेरा बघून येतो. खड्डे, टपऱ्या, पंक्चरवाले वहीत लिहून ठेवतो. कोरेगाव–सातारा टप्प्याची धास्ती आहे, तिथं रहदारी असतेच. म्हणून कोरेगावात दहाच्या पुढं पोहोचलो तर भाचा पिकअप घेऊन येणार, असं ठरवलंय. त्यात लाज वाटायचं कारण नाही ना?

दोन_बाटल्या_पाणी
अजिबात नाही. मी दोनदा टेम्पोत बसून आलेय.

उंब्रजवाला
जाऊन या. आल्यावर खांदे दुखले की पाय, तेवढं इथं लिहा.